जुन्या डेस्कटॉपमध्ये रॅम वाढवल्यावर येणाऱ्या अडचणी : तपासणीचा योग्य क्रम

इंदूरच्या रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर या भागांतील आमच्या ओळखीच्या अनेक घरांत २००९ ते २०१४ च्या दरम्यान घेतलेले असेंबल्ड डेस्कटॉप अजूनही रोज वापरले जातात. कोणी त्यावर शिकवणीचे पेपर तयार करतात, कोणी सोसायटीचा हिशेब ठेवतात, तर कोणाची मुले त्यावरच अभ्यास करतात. अशा यंत्रातील २ जीबी रॅम ४ किंवा ८ जीबी करण्याचा निर्णय बहुधा योग्यच असतो. चूक होते ती कामाच्या क्रमात.

“नवी रॅम टाकली आणि डिस्प्ले येईनासा झाला,” असे सांगत जे येतात, त्यांना मी प्रथम एकच प्रश्न विचारतो : जुनी स्टिक (रॅमची पट्टी) पूर्वीच्याच स्लॉटमध्ये, म्हणजे ती बसवण्याच्या खोबणीत, लावून पाहिली का? बहुतेक वेळा उत्तर मिळते की जुनी स्टिक एक्स्चेंजमध्ये देऊन टाकली, मदरबोर्डवरील (यंत्राच्या मुख्य सर्किट-बोर्डावरील) बॅटरी काढून पाहिली, बायोस (यंत्र सुरू होताना प्रथम चालणारा मूळ प्रोग्राम) रिसेट केला आणि प्रोसेसरचा पंखाही एकदा उघडला. इतके बदल एकाच वेळी झाल्यावर बिघाड नेमका कशामुळे झाला हे शोधणे अतिशय कठीण होते, आणि मग चांगला मदरबोर्ड निकामी ठरवून भंगारात दिला जातो. खालील सर्व टप्प्यांमागे एकच नियम आहे : एका वेळी एकच बदल करावा, आणि चालू अवस्थेकडे परतण्याचा मार्ग कधीही बंद करू नये.

## टप्पा १ : खरेदीपूर्वी यंत्राची ओळख पटवणे

कॅबिनेट उघडण्यापूर्वी, यंत्र चालू असतानाच, सीपीयू-झेड हा लहानसा मोफत प्रोग्राम चालवावा. त्यातील मेनबोर्ड या भागात मदरबोर्डचे मॉडेल व चिपसेट (बोर्डावरील मुख्य नियंत्रक चिपा), मेमरी या भागात रॅमचा प्रकार, आणि एसपीडी या भागात प्रत्येक स्लॉटमधील स्टिकची माहिती मिळते. या तिन्ही पडद्यांची मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत. यंत्र आधीच बंद पडले असेल, तर मदरबोर्डचे मॉडेल बोर्डावरच, बहुधा रॅमच्या स्लॉटजवळ किंवा विस्तार-स्लॉटांच्या मध्ये, ठळक अक्षरांत छापलेले असते.

आपल्याकडे अधिक आढळणाऱ्या चिपसेटच्या मर्यादा अशा आहेत. इंटेल जी३१ असलेल्या बोर्डावर डीडीआर२ रॅम लागते आणि एकूण मर्यादा ४ जीबीची असते. जी४१ वर ही मर्यादा ८ जीबी आहे. मात्र बोर्डानुसार त्यावर डीडीआर२ किंवा डीडीआर३ चे स्लॉट असतात, आणि काही बोर्डांवर दोन्ही प्रकारचे स्लॉट दिलेले असले तरी दोन्ही प्रकार एकाच वेळी वापरता येत नाहीत. एच६१ आणि एच८१ या बोर्डांवर डीडीआर३ चे सामान्यतः दोन स्लॉट असतात आणि मर्यादा १६ जीबी असते. मोठ्या कंपनीचा तयार डेस्कटॉप असेल, तर कंपनीने याहून कमी मर्यादा घालून दिलेली असू शकते. अशा वेळी त्या मॉडेलचे मॅन्युअल हाच अंतिम आधार मानावा.

डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना २४० पिना असल्यामुळे केवळ लांबी पाहून फसगत होते. दोघांच्या खाचेची जागा वेगळी असते आणि विद्युतदाबही वेगळा : डीडीआर२ ला १.८ व्होल्ट, डीडीआर३ ला १.५ व्होल्ट. डीडीआर४ ला २८८ पिना असून तिला १.२ व्होल्ट लागतात. डीडीआर३एल ही स्टिक १.३५ व्होल्टची असली तरी साधारणतः १.५ व्होल्टवरही चालते, म्हणून डीडीआर३ च्या जुन्या बोर्डावर ती लावण्यास हरकत नसते.

इशारा : खाच जुळत नसेल तर स्टिक उलटी धरली आहे, किंवा ती त्या बोर्डासाठी नाहीच. जोर लावून कोणतीही रॅम “बसवता” येत नाही. स्लॉट मात्र नक्की तुटतो.

## टप्पा २ : योग्य स्टिक निवडणे

हा टप्पा मी मुद्दाम विस्ताराने लिहितो आहे, कारण बसवताना झालेली वाटणारी निम्मी चूक प्रत्यक्षात खरेदीच्या वेळीच झालेली असते. जुन्या प्रकारची रॅम आता मुख्यतः वापरलेली किंवा रिफर्बिश्ड स्वरूपातच मिळते. आर. एन. टी. मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये किंवा अन्यत्र घ्यायला जाताना जुनी स्टिक आणि सीपीयू-झेडची छायाचित्रे बरोबर न्यावीत. “डीडीआर३, ४ जीबी द्या” एवढे सांगणे पुरेसे नसते.

स्टिकवरील लेबलवर “२आरएक्स८ पीसी३-१०६००यू” अशा स्वरूपाची ओळ इंग्रजीत छापलेली असते. त्यातील पीसी३ म्हणजे डीडीआर३. १०६०० म्हणजे १३३३ चा वेग, ८५०० म्हणजे १०६६ चा आणि १२८०० म्हणजे १६०० चा. शेवटचे अक्षर सर्वांत महत्त्वाचे आहे. यू हे अक्षर असेल तर ती साध्या डेस्कटॉपची रॅम होय. आर असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम आहे; दिसायला अगदी तशीच असली आणि स्लॉटमध्ये सहज बसली, तरी घरगुती बोर्डावर ती चालत नाही. एस असेल तर ती लॅपटॉपची लहान स्टिक असते. सर्व्हरमधून काढलेल्या स्टिक स्वस्तात मिळतात म्हणून अनेकजण त्या घेतात आणि नंतर मदरबोर्डला दोष देतात.

दुसरा सापळा “फक्त एएमडीसाठी” अशी सूचना असलेल्या स्टिकचा आहे. ही सूचना ऑनलाइन विक्रीच्या पानावर बारीक अक्षरांत दिलेली असते किंवा दिलेलीच नसते. या स्टिकवरील चिपांची अंतर्गत रचना वेगळी असल्यामुळे काही एएमडी बोर्डांवर त्या चालतात, परंतु इंटेल बोर्डावर त्यांनी डिस्प्लेच येत नाही. बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळणारी नवी डीडीआर२ किंवा डीडीआर३ स्टिक दिसली, तर हा प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारावा.

तिसरी गोष्ट म्हणजे चिपांची संख्या. जुने मेमरी कंट्रोलर (रॅम हाताळणारा भाग) फार दाट, म्हणजे एकाच चिपमध्ये जास्त मेमरी असलेल्या, चिपा ओळखू शकत नाहीत. जी४१ च्या बोर्डासाठी ४ जीबीची स्टिक घ्यायची असेल, तर दोन्ही बाजूंना आठ-आठ अशा एकूण १६ चिपा असलेलीच घ्यावी. एकाच बाजूला आठ चिपा असलेली ४ जीबीची स्टिक तेथे अपुरी दिसते किंवा यंत्र सुरूच होत नाही. एच६१ वर आठ चिपांची ४ जीबी स्टिक चालते, मात्र ८ जीबीची स्टिक १६ चिपांची असावी लागते. धातूचे आवरण असलेल्या स्टिकवर चिपा मोजता येत नाहीत, म्हणून अशा यंत्रांसाठी आवरण नसलेली साधी स्टिकच मला अधिक पसंत आहे.

तपासणी : पैसे देण्यापूर्वी बिलावर स्टिकचे पूर्ण लेबल आणि “बोर्डावर न चालल्यास इतक्या दिवसांत बदलून मिळेल” ही अट लिहून घ्यावी. जुनी स्टिक एक्स्चेंजमध्ये लगेच देऊ नये. किमान आठवडाभर ती आपल्याकडेच असली पाहिजे.

## टप्पा ३ : कॅबिनेट उघडण्यापूर्वीची तयारी

महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. त्यानंतर यंत्र पुन्हा सुरू करून बायोसमध्ये जावे आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण ते टाळल्यामुळे झालेले नुकसान मी जवळून पाहिले आहे. माझ्या एका मावसभावाच्या यंत्रात रॅम टाकताना दुरुस्ती करणाऱ्याने बायोस रिसेट केला. त्याबरोबर हार्ड डिस्कची साटा पद्धत (डिस्कशी संवाद साधण्याची पद्धत) एएचसीआयवरून आयडीईवर गेली आणि विंडोज सुरू होताच निळा पडदा येऊ लागला. “विंडोज खराब झाले, फॉरमॅट करावे लागेल,” असे त्याला सांगण्यात आले आणि त्या डिस्कवर त्याच्या दुकानाचा नऊ वर्षांचा हिशेब होता. बायोसमध्ये ती एक नोंद पूर्ववत करताच विंडोज जसेच्या तसे सुरू झाले. म्हणून इतर काही नाही तरी साटाची नोंद, तारीख-वेळ आणि कोणत्या डिस्कवरून यंत्र सुरू होते, या तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात.

यंत्र सुस्थितीत असतानाच एका पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हा रॅमची परीक्षा घेणारा प्रोग्राम तयार करून ठेवावा आणि जुन्या रॅमवर त्याची एक पूर्ण फेरी चालू द्यावी. जुन्या रॅममध्येच दोष असेल तर तो आत्ताच कळतो. अन्यथा त्याचे खापर नव्या स्टिकवर फुटते.

विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, हेही याच वेळी पाहावे. ३२ बिट असेल तर टप्पा ८ आधी वाचावा, कारण कदाचित नवी रॅम घेऊनही अपेक्षित लाभ होणार नाही.

यंत्र बंद करताना शिफ्टची कळ दाबून ठेवून शट डाउन निवडावे. विंडोज ८ आणि १० मध्ये नेहमीच्या पद्धतीने बंद केल्यास रॅममधील काही स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते. यंत्र हायबरनेटमध्ये असताना रॅम बदलण्याची चूक तर कधीच करू नये.

लागणारे साहित्य थोडेच आहे : फुली पेचकस, रंगकामाचा मऊ कोरडा ब्रश, हातातला टॉर्च, धागे न सुटणारे सुती कापड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि मदरबोर्डवरील बॅटरीसाठी सीआर२०३२ क्रमांकाची ३ व्होल्टची एक नवी बटणसेल.

## टप्पा ४ : वीज आणि स्थिर विद्युत

स्विचबोर्डचे बटण बंद करणे पुरेसे नाही. एसएमपीएसची (यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्याची) वायर भिंतीतून काढावी. वायर जोडलेली असेल तर यंत्र बंद असतानाही बोर्डावर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालू राहतो, आणि अशा अवस्थेत रॅम काढल्यास किंवा लावल्यास बोर्ड कायमचा खराब होऊ शकतो. वायर काढल्यानंतर पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे कपॅसिटरांत (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांत) उरलेला भार निघून जातो.

इंदूरची हवा डिसेंबरपासून मेपर्यंत बरीच कोरडी असते, आणि या दिवसांत सिंथेटिक कपडे किंवा लोकरी स्वेटर घालून काम केल्यास बोटांतून ठिणगी जाण्याची शक्यता वाढते. सुती कपडे घालावेत, गालिच्यावर बसू नये आणि स्टिक हातात घेण्यापूर्वी दर वेळी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा. जुन्या घरांतील वायरिंगमध्ये अर्थिंग नसते अशी शंका काहीजण विचारतात. येथे आपले शरीर आणि कॅबिनेट यांच्यातील विद्युतभार समान होणे महत्त्वाचे आहे, आणि वायर काढलेली असतानाही तेवढे काम धातूला स्पर्श केल्याने होते.

तपासणी : मदरबोर्डवर एखादा लहान दिवा असेल तर तो पूर्ण विझलेला असावा. तो लुकलुकत असेल तर वायर अजून जोडलेली आहे.

## टप्पा ५ : स्वच्छता आणि स्टिक बसवणे

माळव्यातील बारीक धूळ आणि पावसाळ्यातील दमट हवा यांमुळे जुन्या स्लॉटमध्ये मळाचा थर साचतो. वर्षानुवर्षे रिकामा राहिलेला दुसरा स्लॉट नेमका यामुळेच काम करत नाही, आणि दोष नव्या स्टिकला मिळतो. ब्रशने स्लॉट लांबीच्या दिशेने झाडावा. ब्लोअर वापरल्यास प्रोसेसरचा पंखा बोटाने धरून ठेवावा. तोंडाने फुंकर मारू नये. त्यातील ओलावा थेट पिनांवर जातो.

सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासण्याची पद्धत दुकानांत सर्रास दिसते. तिचा उपयोग होतो हे खरे आहे, पण सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो. शाई खोडण्याचा खरखरीत रबर किंवा पॉलिश पेपर त्याला खरवडून काढतो. कापडावर अल्कोहोलचे दोन-तीन थेंब घेऊन पट्ट्या पुसणे अधिक सुरक्षित आहे. रबर वापरायचाच असेल तर पांढरा मऊ रबर हलक्या हाताने वापरून त्याचे कण पूर्णपणे पुसावेत, कारण तेच कण पुढे स्लॉटमध्ये अडकतात.

याच वेळी टॉर्चने प्रोसेसर आणि रॅमच्या आसपासचे कपॅसिटर पाहावेत. त्यांपैकी एखाद्याचे डोके फुगलेले किंवा त्यातून तपकिरी द्रव आलेला दिसला, तर काम तेथेच थांबवावे. आधी बोर्डाची दुरुस्ती, मग रॅम.

बसवताना स्लॉटच्या क्लिपा पूर्ण उघडाव्यात, खाच जुळवावी, स्टिक सरळ उभी धरावी आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखाच दाब द्यावा. क्लिपा आपोआप वर येऊन खट्ट आवाज झाला पाहिजे. काही बोर्डांवर एकाच बाजूला हलणारी क्लिप असते. तेथे दुसरे टोक नीट खाली गेले आहे का हे डोळ्यांनी पाहावे. ग्राफिक्स कार्ड क्लिपेच्या आड येत असेल तर ते आधी काढावे. दाब देताना बोर्ड वाकू लागला, तर थांबून त्याखालील आधाराचे स्क्रू तपासावेत.

इशारा : क्लिप हाताने बंद करून स्टिक बसल्याचे समाधान मानू नये. आत पूर्ण न गेलेल्या स्टिकवरही क्लिप ओढून बसवता येते.

## टप्पा ६ : पहिल्यांदा सुरू करण्याचा क्रम

येथे घाई करणाऱ्यांचाच सर्वाधिक वेळ वाया जातो. क्रम असा ठेवावा.

१. स्वच्छता झाल्यावर प्रथम फक्त जुनी स्टिक तिच्या मूळ स्लॉटमध्ये लावून यंत्र सुरू करावे. ते चालले तर कॅबिनेट उघडताना काही बिघडलेले नाही याची खात्री होते.

२. जुनी स्टिक काढून त्याच स्लॉटमध्ये फक्त नवी लावावी. स्लॉट चांगला असल्याचे आधीच ठरले आहे, म्हणून आता परीक्षा केवळ नव्या स्टिकची होते.

३. ती चालल्यास नवी स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये एकटी लावून पाहावी. आता परीक्षा स्लॉटची आहे.

४. शेवटी दोन्ही एकत्र लावाव्यात. चार स्लॉट असलेल्या बोर्डावर दोन स्टिक एकाच रंगाच्या स्लॉटमध्ये लावाव्यात. कोणत्या रंगापासून सुरुवात करायची हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते.

प्रत्येक वेळी वायर काढणे, बटण दाबून धरणे आणि धातूला हात लावणे हे सारे पुन्हा करायचे आहे. रॅम बदलल्यावर यंत्र एकदा-दोनदा आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकते. निष्कर्ष काढण्यापूर्वी एक-दोन मिनिटे थांबावे. “मेमरी साइज बदलला” अशा अर्थाचा संदेश आल्यास तो बिघाड समजू नये. बायोसमध्ये जाऊन नोंदी जतन करून बाहेर पडावे.

## टप्पा ७ : पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही

आधी सोपी गोष्ट पाहावी. रॅम लावण्यासाठी ग्राफिक्स कार्ड काढले होते का, आणि मॉनिटरची वायर परत त्याच कार्डाला जोडली आहे का? कार्ड लावलेले असताना बऱ्याच बोर्डांवरील मूळ व्हीजीए जोडणी बंद असते, आणि वायर तेथे लावल्यास यंत्र उत्तम चालत असूनही पडदा काळाच राहतो.

त्यानंतर बीपचा आवाज ऐकावा. असेंबल्ड कॅबिनेटमध्ये बीप देणारा छोटा स्पीकर पुष्कळदा नसतोच. तो अगदी स्वस्तात मिळतो आणि बोर्डावरील स्पीकर असे लिहिलेल्या पिनांवर लावता येतो. जुन्या यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाजवळ तो असलाच पाहिजे, असे माझे मत आहे. सर्व रॅम काढून यंत्र सुरू केल्यावर बीप वाजू लागला, तर प्रोसेसर आणि बोर्ड जिवंत आहेत हे कळते. अवॉर्ड प्रकारच्या बायोसमध्ये पुनःपुन्हा येणारा लांब बीप बहुधा रॅमविषयी असतो. इतर बायोसचे संकेत वेगळे असल्याने मॅन्युअल पाहावे.

जुनी स्टिक चालते, पण नवी कोणत्याच स्लॉटमध्ये चालत नाही, अशी स्थिती असेल तर नवी स्टिक त्याच प्रकारच्या दुसऱ्या यंत्रात लावून पाहावी. तेथे ती चालली, तर ती खराब नसून आपल्या बोर्डाशी न जुळणारी आहे, आणि टप्पा २ मधील अक्षर व चिपांची संख्या पुन्हा तपासावी. तेथेही न चालल्यास ती सदोष समजून परत करावी.

जुनी स्टिकही चालेनाशी झाली असेल तर घाबरून जाऊ नये. बोर्डावरील २४ पिनांची आणि प्रोसेसरजवळची ४ पिनांची वीजजोडणी हाताळताना सैल झाली आहे का हे पाहावे. तरीही डिस्प्ले नसेल, तर वायर काढलेल्या स्थितीत बटणसेल पाच मिनिटे काढून ठेवावी आणि नवी सेल लावावी. असे केल्याने बायोस रिसेट होतो, म्हणून यंत्र सुरू होताच, विंडोजकडे जाऊ देण्यापूर्वीच, टप्पा ३ मध्ये टिपलेल्या साटा आणि तारखेच्या नोंदी पूर्ववत कराव्यात. तारीख चुकीची राहिली तर अनेक संकेतस्थळे सुरक्षिततेची सूचना देऊन उघडत नाहीत आणि लोक इंटरनेटचा बिघाड शोधत बसतात.

दोन्ही स्टिक एकेकट्या चालतात पण एकत्र चालत नाहीत, ही स्थिती सर्वांत चिवट असते. स्टिकची अदलाबदल करून पाहावी. कमी वेगाची स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये ठेवावी. मग बायोसमध्ये रॅमचा वेग हाताने एक पायरी खाली आणावा, जसे १३३३ ऐवजी १०६६. विद्युतदाब वाढवण्याच्या फंदात पडू नये. बायोस अद्ययावत करणे हा उपाय अगदी शेवटी, आणि तोही नव्या आवृत्तीच्या माहितीत रॅमसंबंधी सुधारणेचा स्पष्ट उल्लेख असेल तरच करावा. ते करताना यूपीएस असलाच पाहिजे. मध्येच वीज गेल्यास बोर्ड निकामी होऊ शकतो.

## टप्पा ८ : रॅम कमी दिसते

प्रथम बायोसमध्ये किती रॅम दिसते ते पाहावे. या एका आकड्यावरून पुढची दिशा ठरते.

बायोसमध्ये पूर्ण रॅम दिसते आणि विंडोजमध्ये कमी, असे असेल तर स्टिकांना हात लावण्याचे कारणच नाही. घरगुती ३२ बिट विंडोज ४ जीबीपलीकडची रॅम वापरू शकत नाही, आणि त्यातीलही काही मेमरी-पत्ते (अ‍ॅड्रेस) इतर उपकरणांसाठी राखीव असल्यामुळे साधारण ३.२५ ते ३.५ जीबीच हाती लागते. यावर उपाय ६४ बिट प्रणाली नव्याने टाकणे हाच आहे. ३२ वरून ६४ बिटवर थेट अपग्रेड होत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, म्हणून नव्याने टाकायचेच असेल तर लिनक्स मिंटसारख्या प्रणालीचाही विचार करावा. विंडोज ७ च्या ६४ बिट होम बेसिक आवृत्तीला ८ जीबीची आणि होम प्रीमियमला १६ जीबीची मर्यादा आहे. प्रणाली ६४ बिट असूनही आकडा कमी दिसत असेल, तर एमएसकॉन्फिगमधील बूट या भागातील प्रगत पर्यायांत “मॅक्झिमम मेमरी” समोरची खूण काढावी. वेग वाढवण्याच्या चुकीच्या सल्ल्यावरून ती अनेकांनी कधीतरी लावलेली असते. बायोसमध्ये मेमरी रीमॅप हा पर्याय असल्यास तो चालू करावा. बोर्डावरील ग्राफिक्ससाठी राखलेले काही एमबी मात्र कमी दिसणारच.

बायोसमध्येच रॅम कमी दिसत असेल तर दोष हार्डवेअरचा आहे. नेमकी अर्धी दिसत असेल तर चिपा जास्त दाट असण्याची किंवा एक स्टिक नीट न बसल्याची शक्यता असते. एक संपूर्ण स्लॉट कोणत्याही स्टिकने जागा होत नसेल आणि यंत्र एच६१ किंवा त्यानंतरचे असेल, तर प्रोसेसरकडे लक्ष द्यावे. त्या पिढ्यांत मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो, त्यामुळे सॉकेटची एखादी वाकलेली पिन किंवा प्रोसेसरवर वाकडा बसलेला कूलर (पंखा) यामुळे रॅमचा एक मार्ग (चॅनेल) गायब होऊ शकतो. कूलरचे चारही खटके सारखे बसले आहेत का एवढे घरी पाहावे. सॉकेटच्या पिनांना मात्र अनुभवी माणसानेच, भिंग घेऊन हात लावावा.

वेगाविषयीही गैरसमज होतो. १६०० ची स्टिक जुन्या प्रोसेसरसह १३३३ वर चालते, आणि वेगवेगळ्या वेगाच्या दोन स्टिक असतील तर दोन्ही कमी वेगावर चालतात. सीपीयू-झेडमध्ये १३३३ ची स्टिक सुमारे ६६७ दिसते, कारण तेथे मूळ वारंवारता दाखवली जाते, जी या आकड्याच्या निम्मी असते. यांपैकी कशातही फसवणूक नाही.

## टप्पा ९ : यंत्र चालते, पण मध्येच अडकते

निळे पडदे, आपोआप रीस्टार्ट होणे किंवा मोठी फाइल उघडताना प्रोग्राम बंद पडणे ही लक्षणे असल्यास विंडोज पुन्हा टाकण्याआधी रॅमची परीक्षा घ्यावी. सदोष रॅमवर टाकलेले विंडोज सुरुवातीपासूनच सदोष असू शकते, आणि त्या काळात जतन केलेल्या फाइलीही बिघडतात. म्हणून परीक्षा पूर्ण होईपर्यंत महत्त्वाचे काम त्या यंत्रावर करू नये.

विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक प्राथमिक तपासणीसाठी ठीक आहे, पण माझा भरवसा मेमटेस्ट८६+ वर अधिक आहे. जुन्या यंत्रावर ८ जीबीची एक फेरी पूर्ण व्हायला काही तास लागू शकतात. रात्री लावून सकाळी पाहावे. एकही चूक दिसली तरी निकाल नापास समजावा. त्यानंतर एक स्टिक, एक स्लॉट अशी विभागणी करावी. चूक स्टिकबरोबर दुसऱ्या स्लॉटमध्ये गेली तर स्टिक खराब; स्टिक बदलूनही चूक त्याच स्लॉटमध्ये राहिली तर स्लॉट किंवा कंट्रोलर खराब. दोन्ही स्टिक स्वतंत्रपणे निर्दोष आणि एकत्र सदोष असतील तर टप्पा ७ मधील वेग कमी करण्याचा उपाय करून परीक्षा पुन्हा घ्यावी.

## टप्पा १० : स्टिक परत करणे किंवा काम पूर्ण करणे

स्टिक परत करायची असेल तर मेमटेस्टमधील चुकांच्या पडद्याचे छायाचित्र, कोणत्या स्लॉटमध्ये काय घडले याची चार ओळींची नोंद आणि बिल बरोबर न्यावे, आणि स्टिक तिच्या मूळ अँटिस्टॅटिक पाकिटातच ठेवावी. “चालत नाही” एवढेच सांगणाऱ्या ग्राहकाला दुकानदार आपल्या टेस्ट बोर्डावर ती चालवून दाखवतो आणि चर्चा तेथेच संपते. नोंद दाखवणाऱ्या ग्राहकाशी त्याला त्या ग्राहकाच्या बोर्डाच्या चिपसेटविषयी बोलावे लागते.

सर्व परीक्षा पूर्ण झाल्या असतील तर दोन्ही स्टिकची लेबले, त्यांचे स्लॉट, बटणसेल बदलल्याची तारीख आणि साटाची नोंद एका चिठ्ठीवर लिहून ती कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवावी, वायर जोडण्यापूर्वी आत एखादा स्क्रू पडलेला नाही हे टॉर्चने पाहावे आणि मगच झाकण बंद करावे.